पाळीवरच्या फक्कीच्या रेघा

माझ्या दुकानातून घासाघीस न करता माल नेणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

रायपूर राजधानी होऊन थोडी वर्षं झाली होती. पुरानी बस्तीतली, बूढापाऱ्यातली जुनी घरं पडत होती आणि त्यांच्या जागी तीन-तीन मजले उठत होते. पडणाऱ्या घरांची दारं, खिडक्या, चौकटी, कड्या मी विकत घेई आणि उठणाऱ्या घरांना विकत असे. मी एकच खिडकी खांद्यावर घेऊन दारोदार फिरण्यापासून सुरुवात केली होती. कोणी मला काही शिकवलं नाही. पण समोरचा माणूस शेवटी कुठे येऊन थांबणार, हे मला त्याच्या पहिल्या वाक्यावरून कळे. त्यात मी क्वचितच चुकलो.

ते गृहस्थ पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना एक पितळी कडी हवी होती. मी सवयीनं दुप्पट भाव सांगितला. ते "बरं" म्हणाले, पैसे ठेवले आणि कडी पिशवीत टाकून निघून गेले. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही. वरचा अर्धा भाव त्यांचा होता. तो त्यांनी मागून घ्यायचा असतो. दोन दिवसांनी ते पुन्हा दिसले, तसं मी त्यांना अडवलं.

"काकाजी, तुम्ही भाव काहून नाही केला?"

"तुम्हीच सांगतली ना किंमत?"

"मी तर जास्तच सांगतली होती."

"असन. माणूस बोलला ते लिहून घ्याव. पुढचं त्याचं तो पाहीन."

हे वाक्य मी नंतर त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही.

ते रेल्वेतून निवृत्त झालेले होते. रुळांवर नजर ठेवायची, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. इतकी वर्षं रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरून चालल्यामुळे सपाट रस्त्यावरही त्यांचं पाऊल स्लीपरच्या अंतरानंच पडे. ना लांब, ना आखूड. घाई असली तरी तेवढंच. एका खिशात मुर्रा, म्हणजे आपले चुरमुरे, आणि दुसऱ्या खिशात छोटी हातोडी. वाटेत दगड दिसला की हातोडीनं ठोकायचा, कान लावायचा आणि "हा पक्का आहे" किंवा "हा फसवन" असं पुटपुटायचं. खांद्यावरच्या पिशवीत गुंडाळलेले दोन झेंडे असत, लाल आणि हिरवा. कोणी मोटारसायकल भरधाव आणली की ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून लाल झेंडा दाखवत. नवल म्हणजे गाड्या थांबत. मी एकदा तिघांना एकामागून एक थांबलेलं पाहिलं आहे, आणि त्या तिघांतल्या एकालाही आपण का थांबलो ते सांगता आलं नसतं.

माझं दुकान तळ्याच्या पाळीच्या तोंडाशी होतं. तळ्याचे दोन भाग करत मधून एक उंच मातीची वाट जाते. तिला मी पाळ म्हणतो. पलीकडे खेडी आणि नव्या वसाहती, अलीकडे जुनं शहर. दुकानासमोर आठ फूट जागेत माझी दारं ओळीनं उभी असत. ती जागा माझ्या कागदात नव्हती. पण मी पहिलं दार उभं केलं तेव्हा कोणी काही बोललं नाही, दुसरं उभं केलं तेव्हाही नाही, आणि पुढे ती जागा माझीच झाली. पाळीवरून सायकलनं येणारा प्रत्येक जण माझ्या दुकानापाशी उतरे, चार पावलं सायकल हातात धरून चाले आणि मग पुन्हा बसे. मी हे पाहुण्यांना मुद्दाम दाखवत असे. "पाहा," म्हणत असे, "सागवान दिसलं की माणसाचा पाय पुढे जात नाही."

काकाजींना त्या दारांच्या सावलीत बसायला आवडे. मी स्टूल देई, ते मुर्रा देत. तिथं बसून त्यांनी मला रेल्वेतली एक गोष्ट सांगितली. काही ठिकाणी गाडी हळू न्यायचा हुकूम असतो, त्याला गतिमर्यादा म्हणतात. तो दोन प्रकारचा. जिथं वळणच तसं आहे तिथं कायमचा. जिथं माती खचली आहे, काम बाकी आहे, तिथं तात्पुरता. काम झालं की पाटी उखडून टाकायची. त्यांनी सगळं जग या दोन खान्यांत वाटून टाकलं होतं. त्यांचं गुडघ्याचं दुखणं कायमचं. समोरच्या चहावाल्याचा उधारीचा नकार तात्पुरता. नगरसेवकाचं हसू तात्पुरतं, त्याचं विसरणं कायमचं. एकदा एका गिऱ्हाइकाला मी जोरात शिव्या दिल्या, तेव्हा त्यांनी मला विचारलं,

"भाऊ, हा तुमचा राग कायमचा का तात्पुरता?"

"कायमचा," मी म्हणालो.

"पाहू," ते म्हणाले आणि मुर्रा खाऊ लागले.

मग पाळीवर चालण्याची आणि सायकलींची वाट करायचं ठरलं. ज्या कार्यालयाकडे ते काम होतं त्यांनी लोकांचं मत घ्यायला सभा बोलावली. सामुदायिक भवनात, सकाळी अकरा वाजता. पुण्याहून आलेल्या एक तरुण इंजिनियर मॅडम होत्या, मनानं चांगल्या. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. पाळीवर दिवे, बाकं, फुलं, आणि डोक्यावर टोप्या घालून सायकल चालवणारी गोरीगोमटी माणसं. आम्ही दुकानदार, कॉलनीतले निवृत्त लोक, सगळे माना डोलवत होतो. मी तर फक्त आपल्या आठ फुटांना धक्का लागतो का एवढंच पाहायला गेलो होतो. शेवटी कोणाला काही विचारायचं आहे का, असं झालं, तेव्हा काकाजींनी हात वर केला.

"मॅडम, याच्यात घमेलं कुठाय?"

सगळे हसले. मॅडमना वाटलं, आपल्याला ऐकू नीट आलं नाही.

"या पाळीवरून रोज सकाळी खेड्यांतल्या बाया कामाला येतात," ते म्हणाले. "सायकलीच्या मागं घमेलं बांधलेलं, फावडं आडवं. तुम्ही हँडल मोजलं. घमेलं नाही मोजलं. माणूस मोजाचा तर ओझ्यासकट मोजा लागते. अन् अकरा वाजता त्या बाया इथं कशा येतीन? त्या तर तुमच्या शहरात विटा वाहून राहिल्या. उद्या सकाळी साडेसहाला पाळीवर या."

मॅडम आल्या. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

मी पण गेलो, लांबून पाहायला. काकाजींनी एक पत्र्याचा डबा आणला होता. त्याला खाली भोकं पाडली होती आणि तो काठीला बांधला होता. डब्यात चुन्याची भुकटी, मैदानावर रेघा मारायला वापरतात ती फक्की. डबा हातात धरून चाललं की मागं पांढरी रेघ उमटे. पाळीवरून येणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवत, लाल झेंड्यानं, आणि म्हणत, "तुम्हाले वाट कुठून पाहिजे ते तोंडानं नका सांगू. पायानं सांगा." आणि डबा हातात देत.

पहिल्या दिवशी लोक लाजले. तिसऱ्या दिवशी रांग लागली. धोब्यानं पाण्याकडे उतरणारी रेघ मारली. शाळेच्या पोरींनी एक रेघ मारली आणि मग भांडून तीन मारल्या, कारण त्या तिघी शेजारी शेजारी चालत. एक आंधळे म्हातारबुवा काठी टेकत कडेकडेनं गेले आणि त्यांची रेघ सगळ्यांत सरळ निघाली. दहिवरानं अर्ध्या रेघा पुसट होत. दुसऱ्या सकाळी त्यांवर नव्या येत. मी रोज ठरवत असे की आज जायचं नाही, आणि रोज जाऊन उभा राहत असे. काही दिवसांनी उन्हं वर आली तेव्हा मी पाळीकडे पाहिलं. शेकडो माणसांची पावलं एकत्र येऊन पाळीच्या अंगावर पांढरी नदी वाहत होती. कुठे फाटत होती, कुठे जुळत होती, वडाच्या झाडाला वळसा घालत होती. कोणी आखली नव्हती, तरी आखल्यासारखी होती.

"जिथं पांढरं दाट, तिथं वाट," काकाजी मॅडमना म्हणाले. "बाकी तुमचं शिक्षण."

त्यांना स्वतःला सायकल येत नव्हती. सायकलींची वाट करायला निघालेला माणूस, आणि सायकलवर कधी बसलेला नाही. पण रेल्वेत म्हणे रूळ तपासायला अधिकारी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसतात आणि धक्का जाणवला की त्या जागी चुन्याची पुडी फेकतात. तेच त्यांनी इथं केलं. बिसाहिन नावाची एक बाई होती, बांधकामावर रेजाचं, म्हणजे विटा-माती वाहायचं काम करणारी, गड्यासारखी मजबूत. तिच्या सायकलच्या कॅरियरवर ते उलटे बसले, तोंड मागे, डोळे मिटलेले, मांडीवर चुन्याची पिशवी.

"झन डर बबा, कस के धर," ती म्हणाली. घाबरू नको आजोबा, घट्ट धर.

"तू रोजच्यासारखी चालव. माह्यासाठी खड्डा नको चुकवू."

आणि ते निघाले. सत्तरीचा माणूस, मजूर बाईच्या पाठीला पाठ लावून, डोळे मिटून, "धक्का!" असं ओरडत आणि मूठभर चुना मागे फेकत. लोक हसून हसून खाली बसले. मी पण हसलो. पण ते उतरले तेव्हा त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते, आणि ते चुन्यामुळे नव्हतं. "ही बाई रोज दोन वेळा एवढे धक्के खाते," ते म्हणाले. "अन् मग दिवसभर विटा वाहते." नंतर कोणी हसलं नाही.

आता माझं सांगतो.

एका सकाळी मी दुकान उघडलं तर माझ्या सर्वांत चांगल्या दारावर, चार पाकळ्यांच्या नक्षीच्या सागवानी दारावर, खालून वर पांढरी रेघ. बिसाहिननं आपली वाट आखत आखत आणली होती आणि दार आडवं आलं म्हणून थांबली नव्हती. डबा दाराला टेकवून वरपर्यंत नेला होता. पायानं सांग म्हटलं होतं ना. माझं डोकं फिरलं. काकाजी जवळच उभे होते. मी त्यांच्या हातातला डबा लाथेनं उडवला. चुन्याचा असा ढग उठला की आम्ही दोघंही पांढरे झालो. त्यांच्या भुवयांवर, मिशीवर चुना. मी नको ते बोललो. ही जागा माझ्या घामाची आहे, तुम्ही पेन्शन खाऊन लोकांची दुकानं उठवता, असं बोललो.

त्यांनी डबा उचलला, वाकलेलं भोक बोटानं सरळ केलं.

"काहून तापून राहिले, भाऊ? तुमची रेघ तं अजून बाकीच आहे. उद्या या."

घरी बायकोनं माझा चेहरा पाहिला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साऱ्या गावानं रेघ मारली. तुम्ही काहून नाही मारत? एवढे भाव करता अन् रेघेले भेता?"

दुसऱ्या दिवशी मी गेलो. सगळे जमले होते, मॅडमसुद्धा. मी डबा घेतला आणि पाळीवरून चालत आलो, आणि दुकानापाशी माझी दारं नीट आत राहतील अशी, आठही फूट वाचवून, रेघ मारली. मग छाती पुढे काढून उभा राहिलो. वाद होईल, मी दोन फुटांपासून सुरू करीन, अशी तयारी होती.

काकाजींनी हिरवा झेंडा दाखवला. "चला, भाऊच्या रेघेवरून जाऊन पाहा."

सायकली निघाल्या. पाळीवरून छान येत होत्या. माझ्या कोपऱ्याशी पहिली बाई उतरली. दुसरी उतरली. तिसरीच्या घमेल्याला समोरून येणाऱ्याचं फावडं लागलं, तो मागे सरकला, तीही उतरली. एक एक करत सगळे उतरले, न बोलता, न पाहता, जसे रोज उतरत. मी मॅडमकडे वळून हसलो.

"पाहा मॅडम, माझी दारं पाहिल्याशिवाय कोणी पुढे जात नाही."

बिसाहिन सायकल हातात धरून माझ्यासमोरच उभी होती. तिच्या आवाजात राग नव्हता. नसलेली गोष्ट कोणी खरी मानून बसलं असेल तर त्याला सांगतात, तशी ती म्हणाली,

"तोर दुकान देखे बर नइ उतरन, सेठ. जगा नइ हे, तेकर सेती उतरथन."

तुझं दुकान पाहायला उतरत नाही. जागा नाही, म्हणून उतरतो.

इतकी वर्षं. सकाळी कामाला जाताना एकदा, संध्याकाळी थकून येताना एकदा. आणि मी गल्ल्यावर बसून ते माझ्या मालाचं कौतुक समजत होतो. समोरच्या माणसाच्या पहिल्या वाक्यावरून त्याचा शेवट ओळखणारा मी. या माणसांचं पहिलं वाक्य मी कधी ऐकलंच नव्हतं.

माझे कान तापले. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चार फूट देतो."

मनात आठ होते. आई-बापाची शपथ, आठ होते. पण तोंडाला सवय. पहिला आकडा अर्धाच निघतो. आता काकाजी म्हणतील, "भाऊ, थोडं अजून," मग मी रागावीन, मग सहा, मग कोणीतरी हात धरेल आणि आठ. कोणताही समजदार माणूस असंच करेल.

काकाजींनी वही काढली. पेन्सिल जिभेला लावली.

"चार. बरं."

लिहिलं आणि वही मिटली.

"बने करे, सेठ," बिसाहिन म्हणाली. चांगलं केलंस. तिनं ते मनापासून म्हटलं, म्हणून मला जास्त लागलं. आपणच सांगितलेला आकडा आपणच वर चढवायचा, हे माझ्यानं झालं नाही. या धंद्यात ते कोणी करत नाही.

त्यानंतरही काकाजी येत राहिले. उरलेल्या दारांच्या सावलीत बसत. मी किती वाट करून दिली. "काकाजी, नकाशात काही कमी-जास्त राहिलं असन तं सांगा." "नाही, सारं बसलं." "वळणावर अडचण तं नाही होणार?" "पाहू." मी चहा मागवला, मी रेल्वेच्या गोष्टी पुन्हा काढल्या. एक शब्द विचारला असता तर मी दिलं असतं. त्यांनी विचारलं नाही. कोणी माझ्याकडून काही मागून घेतलं नाही याचा एवढा संताप मला कधीच आला नव्हता.

पुढे गुडघे फारच धरले तेव्हा ते नागपूरला बहिणीकडे गेले. जाताना मला हातोडी देऊन गेले. म्हणाले, सागवान पण ठोकून पाहत जा. काही महिन्यांनी तिकडूनच ते गेल्याची बातमी आली.

वाट झाली. पांढरी नदी जिथून वाहत होती तिथूनच झाली. वडाचा वळसा, धोब्याची उतरण, शाळेच्या पोरींसाठी रुंद केलेला भाग, सगळं. पलीकडून सायकली वाऱ्यासारख्या येत आणि माझ्या कोपऱ्यावर वेग कमी करत. चार फुटांत निम्मे जण न उतरता जात, घमेलेवाल्या उतरत. मी गल्ल्यावरून तिकडे पाहणं सोडून दिलं.

एक दिवस मॅडम आल्या. त्यांच्या हातात काकाजींच्या हातचा मूळ नकाशा होता, शिंप्याच्या खाकी कागदाची लांबच लांब गुंडाळी. त्यांनी ती माझ्या एका आडव्या ठेवलेल्या दारावर उलगडली. सगळी पाळ त्यावर रुळासारखी सरळ काढलेली, आणि जागोजागी पेन्सिलीनं बारीक अक्षर. "बिसाहिन, घमेल्यासह." "इथं तिघी शेजारी चालतात. चालू द्या." "म्हातारबुवांची काठी इथं टेकते, दगड बदलू नका."

"तुमच्या कोपऱ्याजवळ लिहिलेला एक शब्द आम्हाला कळत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "तुमची आणि त्यांची ओळख होती म्हणून विचारायला आले. बाकी कुठेच असं लिहिलेलं नाही."

मी वाकून पाहिलं. माझा कोपरा होता. तिथं लिहिलं होतं: "दारवाले भाऊ, चार फूट. गतिमर्यादा, तात्पुरती."

"काय अर्थ आहे याचा?"

"रेल्वेचं काहीतरी असेल," मी म्हणालो. "मला काय माहीत."

मॅडम गेल्या. म्हणजे त्या सकाळी, माझ्या तोंडून चार निघाले तेव्हा, त्या माणसाला आठ ऐकू आले होते. माझा शेवटचा भाव आजवर फक्त मलाच माहीत असे. तो त्यांनी माझ्यादेखत लिहून घेतला होता, आणि मागायला हात पुढे केला नव्हता.

मी गडी बोलावला नाही. सागवानी दारं जड असतात. दुपारपर्यंत एक एक करून मी ती आत नेली. चुन्याची रेघ असलेलं दार शेवटी नेलं. ती रेघ मी कधी पुसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल टाकून बसलो. पाळीवरून बिसाहिन येताना दिसली, मागे घमेलं, आडवं फावडं. कोपऱ्याशी आली तशी सवयीनं तिनं एक पाय खाली सोडला. मग समोर पाहिलं, पाय पुन्हा पायडलवर घेतला आणि घंटी वाजवत पुढे निघून गेली. तिच्या मागून दुसरी, तिच्या मागून सगळ्या. माझ्या दुकानाकडे एकीनंही पाहिलं नाही.